झोईवरचे माझे विनोद

इतिहासाच्या तासाला मी हमखास हशा मिळवायचो तो सम्राज्ञी झोईच्या जिवावर. पन्नाशीला टेकल्यावर पहिलं लग्न. 1034 मध्ये नवरा रोमानोस स्नानगृहात मेला आणि त्याच दिवशी हिने तरुण मायकेलशी लग्न लावलं. तो गेल्यावर काही महिन्यांनी तिसरा, कॉन्स्टन्टाइन मोनोमाखोस. आया सोफियातल्या मोझेकमध्ये तिच्या शेजारच्या सम्राटाचं डोकं आणि नाव नंतर बदललेलं आहे. “धड जुनंच, नवरा नवा!” एवढं म्हटलं की मागचे बाकही जागे व्हायचे.

बायझंटाइन गादीला कायदा नाही, तिथे चालतं ते कारस्थान, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

माझं मत फिरलं ते प्सेल्लोसमुळे. त्याच्या बखरीतून मी आजवर झोईची अत्तरं तेवढी उचलली होती. एप्रिल 1042 ची पानं एकदा सावकाश वाचली. जहाजाच्या फटी बुजवणाऱ्याचा मुलगा, झोईचा दत्तक पुत्र पाचवा मायकेल, गादीवर येऊन चार महिने झाले होते. त्याने झोईचे केस कापून तिला प्रिन्किपो बेटावर जोगीण करून धाडलं. राजवाड्यातलं काम चोख झालं. उठलं ते शहर! कधी उंबरा न ओलांडलेल्या बायकाही रस्त्यावर आल्याचं प्सेल्लोस सांगतो, आणि तो तेव्हा तिथेच होता. लोकांनी तिची बहीण थिओडोरा हिला मठातून आया सोफियात आणलं. मायकेलने घाईघाईने झोईला परत आणून लोकांसमोर उभं केलं, पण उशीर झाला होता. स्टुडिओस मठात लपलेल्या मायकेलला बाहेर ओढून त्याचे डोळे काढले.

झोई चांगली राज्यकर्ती नव्हती. खजिना तिने दोन्ही हातांनी उधळला. पण 867 पासून चालत आलेल्या घराण्याची ती लेक होती, आणि हा न लिहिलेला कायदा रस्त्यावरच्या माणसाला माझ्यापेक्षा नीट ठाऊक होता. तिने नवरे बदलले, असं मी म्हणत आलो. खरं तर तिच्या हाताशिवाय त्यांतल्या एकालाही मुकुट मिळाला नसता. म्हणूनच दुसऱ्या नवऱ्याने मुकुट मिळताच तिला पहाऱ्यात ठेवलं.

एक गोष्ट मी वर्गात मुद्दाम गाळत आलो. त्या मोझेकमध्ये तिन्ही चेहरे पुन्हा बसवलेले आहेत: झोईचा आणि ख्रिस्ताचासुद्धा. मला ते माहीत होतं. सांगितलं असतं तर विनोद पडला असता.

रोमानोसच्या मरणाबद्दलचा तिच्यावरचा संशय मात्र मी अजून सोडलेला नाही.