बाटलेल्या बरणीचा दिवा

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांना ठाऊक आहे. पण ही म्हण परभणीच्या माणसाला ऐकवू नये. आम्ही ऐकवली नाही. देवगिरी एक्सप्रेस सकाळी परभणीला पोहोचली, तेव्हा आमचे यजमान बंधू फलाटावर उभे होते. ‘जयभीम’ झाला आणि पहिल्यांदा आम्ही स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे गेलो. १० डिसेंबर २०२४ रोजी याच पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढे शहर पेटले, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पुतळ्यापाशी आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो. कोणी काही बोलले नाही.

दिवस फेब्रुवारीचे होते. परभणीत त्या दिवसांत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. दर्ग्याला सर्व जातिधर्मांची माणसे जातात आणि बाजार तर सर्वांचाच. पाळणे, मिठाई, बांगड्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचे ढीग. कप, बशा, बरण्या, फुलदाण्या. एका दुकानात फुलदाणीच्या आकाराचे टेबल लॅम्प मांडले होते, निळे, सोनेरी वेलबुट्टीचे. माल खुर्ज्याचा, म्हणजे उत्तर प्रदेशातला. आमच्यातल्या एका ताईंनी किंमत विचारली आणि दिवा हळूच खाली ठेवला. यजमान हसून म्हणाले, “हे नवं सोंग आहे. खरा जुन्या भांड्याचा दिवा बघायचा तर आमच्या गल्लीत चला.”

गल्लीतले ते घर दोन खोल्यांचे. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, खाली लोखंडी टेबल, टेबलावर बारावीची पुस्तके आणि त्यांच्या शेजारी तो दिवा. खालचा भाग म्हणजे लोणच्याची जुनी बरणी. हातभर उंच, पोट दुधी रंगाचे, खांदा आणि गळा तपकिरी, एका बाजूला टवका उडालेला. गळ्यात लाकडी चकती, तिच्यावर पितळी होल्डर आणि वर पांढऱ्या सुती कापडाची टोपीसारखी शेड. बटण दाबले तसा पिवळसर उजेड वहीवर पडला आणि बरणीचे पोट चमकले. उरुसातल्या त्या सोनेरी दिव्यापेक्षा हा आम्हाला शंभरपटीने देखणा वाटला.

घरच्या आजी ऐंशीच्या घरातल्या. बरणी कुठली, असे आम्ही विचारले.

“पोलीस अॅक्शनच्या आदलीची हाय ती,” आजी म्हणाल्या. “आमच्या सासूबाई गढीवर सडा-सारवण करायला जायच्या. आत पाय ठेवायची सोय नव्हती, अंगणापातुरच काम. एक रोज लोणच्याची बरणी उन्हात ठेवलेली आन् वळवाचा पाऊस आला. घरातलं कुणी बाहेर येईना. सासूबाईनं उचलून वसरीत नेऊन ठेवली. लोणचं वाचलं. मालकीण बाहेर आली आन् म्हणली, बरणी बाटली. घेऊन जा तुझ्या घरी. वरून बरणीचे म्हणून दोन पायल्या जवारी कापून घेतली.”

“मग लोणच्याचं काय केलं, आजी?”

“खाल्लं की! कैरी काय बाटत असती का? वरीसभर पुरलं.”

सगळे हसले. आजी मात्र हसल्या नाहीत, त्यांनी पदराने बरणीवरची धूळ पुसली.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांच्या वस्तीतले देव नदीत गेले, ही बरणी तेवढी राहिली. त्यांच्या घरी तिच्यात मीठ असायचे. जो येईल तो हात घालून मीठ घ्यायचा. आजींच्या सांगण्यात या एका गोष्टीचे फार कौतुक होते.

आता आमच्या मायबोलीची गंमत पाहा. ‘बाटली’ म्हणजे विटाळली आणि ‘बाटली’ म्हणजे काचेची शिशी. मराठवाड्यात आपल्या बहुतेक घरांत पहिला दिवा अशा शिशीचाच होता. औषधाची रिकामी बाटली घ्यायची, तिच्या पत्र्याच्या झाकणाला खिळ्याने भोक पाडायचे, चिंधीची वात ओवायची, आत रॉकेल ओतायचे. झाली चिमणी. तिला काच नाही, शेड नाही. धूर नाकात जायचा, सकाळी नाकपुड्या काळ्या असायच्या. कलंडली तर अंथरुण पेटायचे. आजींचे धाकटे दीर अशाच चिमणीवर शिकले आणि पुढे बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात गेले. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीत एका खोलीत शिकले. वडील त्यांना रात्री दोनला उठवायचे आणि ते बिनकाचेच्या मिणमिणत्या दिव्यापाशी वाचत बसायचे, हे आपल्या घरांत पोराबाळांनाही पाठ आहे.

म्हणजे भांड्याचा दिवा करणे ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. श्रीमंतांनी तीच निराळ्या थाटात केली. युरोपात एकोणिसाव्या शतकात चीन-जपानच्या फुलदाण्यांना पितळी बैठका बसवून त्यांचे तेलाचे दिवे करीत. पुढे वीज आली तसे त्याच फुलदाण्यांत बल्ब बसले. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, जे १६ डिसेंबर १९५१ रोजी खुले झाले, चिनी, जपानी आणि युरोपी चिनी मातीच्या भांड्यांची दालने भरलेली आहेत. ती जरूर पाहावीत, कारागिरी थक्क करणारी आहे. फक्त पाहताना एवढे ध्यानात असावे की सालारजंग घराणे निजामाचे दिवाण होते आणि परभणी १९४८ पर्यंत त्याच निजामाच्या राज्यात होती. तिकडे फुलदाण्या जमत होत्या तेव्हा इकडे गढीच्या अंगणात दोन पायल्या ज्वारी कापली जात होती.

दिवा केला आजींच्या नातवाने. तो आयटीआय झालेला वायरमन आहे. त्याने आम्हाला सारे उलगडून दाखवले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी बरणी माळ्यावर पडून असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बरणीला भोक पाडलेले नाही. बरेच लोक बुडाला ड्रिलने भोक पाडून वायर आत घेतात. त्यात बरणी तडकते आणि जुन्या वस्तूचे मोलही उतरते. जुन्या फुलदाण्यांचे जाणकारसुद्धा हेच सांगतात. शिवाय आजींनी त्याला आधीच बजावले होते, “तिला आता आणखी काही करू नको.” त्याने सुताराकडून गळ्यात घट्ट बसेल अशी सागाची चकती करून घेतली. चकतीच्या मध्यावर होल्डर बसवला आणि वायर कडेच्या खाचेतून बाहेर काढली. वायरला आत गाठ मारली, म्हणजे ओढली तरी होल्डरमधून निसटत नाही. बरणीत दोन-तीन किलो कोरडी वाळू भरली, त्यामुळे लेकराचा धक्का लागला तरी दिवा कलंडत नाही. होल्डर पितळी असल्याने तीन पिनांचा प्लग लावून अर्थिंग दिले. बल्ब ९ वॅटचा एलईडी. पूर्वीचा ६० वॅटचा बल्ब असता तर कापडाची शेड करपली असती. शेडचे कापड आजींच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याचे. सारा खर्च एका दिवसाच्या मजुरीच्या आत.

“आणि काका,” तो म्हणाला, “ही माती आमच्या धंद्यातलीच आहे. खांबावरचे इन्सुलेटर, किटकॅट फ्यूज, सगळी चिनी मातीच.” हे आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. कुंभाराचे मडके आठ-नऊशे अंशांवर भाजते, त्यातून पाणी पाझरते म्हणून ते गार राहते. बरणी बाराशे अंशांच्या आसपास भाजते. तिची माती काचेसारखी घट्ट होते. पाणी पाझरत नाही, मीठ आणि आंबट तिला खात नाही, वीजही तिच्यातून जात नाही. कुणाच्या हाताने बाटावे असे तिच्यात काहीच शिरत नाही, हे मालकिणीला कोण सांगणार!

नातीने मध्येच विचारले, तथागतांनी स्वयंदीप व्हा म्हटले ते याच दिव्याबद्दल ना? आमच्याबरोबरच्या भन्तेजींनी सांगितले की पालीत ‘दीप’ म्हणजे दिवा आणि ‘दीप’ म्हणजे बेटही. पुरात उभे राहायला जागा, असाही अर्थ लावतात. गोदाकाठच्या माणसाला हा दुसरा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंतूरमार्गे येलदरीला गेलो. रस्ता काळ्या रानातला, दोन्हीकडे ज्वारी आणि हरभरा. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. पायथ्याला वीजघर आहे, तीन संच मिळून साडेबावीस मेगावॅटचे. इथली वीज थेट त्या गल्लीतल्या दिव्यात जाते असे नाही, ती राज्याच्या जाळ्यात मिसळते. पाणी सोडले तरच संच फिरतात, आणि हे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाऊन परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतांना मिळते. बांधावरून पाहताना यजमान बंधूंनी सांगितले, त्यांचे वडील या धरणावर माती वाहायला होते. तेव्हा मजुरांच्या पालांत रात्री चिमण्याच जळायच्या.

परतताना जिंतूरच्या बाजारात आमच्या ताईंनी बरणी शोधली. भांड्यांच्या दुकानांत प्लास्टिकच्याच होत्या. शेवटी एका भंगारवाल्याच्या गाड्यावर एक सापडली, झाकण नसलेली, गळ्याला तपकिरी. त्याने तीनशे सांगितले, दोनशेला दिली. गाडीत ताईंनी ती मांडीवरच धरली होती. सुताराला चकतीचे माप द्यायचे म्हणून तिच्या गळ्याला दोरा गुंडाळून त्यांनी तिथे गाठ मारून ठेवली.