माझं पात्र असंच आहे

मागे एकदा इथे आमच्या शनिवारच्या गेमचा उल्लेख केला होता, तेव्हा मावशीचा फोन आला होता. "म्हणजे तुम्ही नक्की करता तरी काय गं चार-चार तास? पत्ते?" पत्ते नाही गं मावशी. तर तिच्यासाठी (आणि न विचारता गप्प बसलेल्या बाकीच्यांसाठी) आधी थोडक्यात.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली बाजारात आणला. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी मांत्रिक, कुणी योद्धा, कुणी चोर. एकजण डन्जन मास्टर, म्हणजे आपला सूत्रधारच म्हणा ना. सूत्रधार जग उभं करतो, राक्षसापासून खानावळीच्या मालकापर्यंत उरलेली सगळी सोंगं वठवतो आणि विचारतो, "बोला, आता काय करता?" जे करायचंय ते जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. झालं. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

आमच्याकडे सूत्रधार मी. चार वर्षं झाली. आणि चार वर्षांत माणसांच्या ज्या काही सवयी पाहिल्यात ना, त्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं.

उशिरा येणारे, फोनमध्ये डोकं घालून बसणारे, यांच्याबद्दल काय बोलायचं. ते लग्नातही असतात, मीटिंगलाही असतात.

खास या खेळाचे नमुने वेगळे. पहिला नमुना म्हणजे न विचारता फासा टाकणारा. मी अजून दरवाज्याचं वर्णन करतेय, कुलूप आहे की नाही हेही सांगितलेलं नाही, तोवर फासा टेबलावरून गडगडत गेलेला असतो आणि "अठरा!" अशी आरोळी. अठरा कशाचे? आणि तीन पडले असते तर तो फासा "हातातून सुटला" असता, हे सांगायला नकोच. त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे वीस पडले की काहीही होतं असं मानणारा. राजाला म्हणायचं, तुझं राज्य मला दे, आणि वीस पडले की हात पुढे! अरे बाबा, वीसला आपोआप यश हा नियम हल्ल्याच्या फाशापुरता आहे. राजा हसेल, खूश होईल, फार तर तुला तुरुंगात टाकणार नाही. राज्य कशाला देईल?

मग "मीही बघतो" मंडळी. एकाला भिंतीतला चोरदरवाजा सापडला नाही की उरलेले चौघं ओळीने फासे उचलतात. यातलं गणित मी एकदा कागदावर मांडून दाखवलं होतं. पंधरा किंवा जास्त लागत असतील तर एकाला जमायची शक्यता ३० टक्के. पण पाच जणांनी एकेकदा टाकले तर कुणा ना कुणाला जमायची शक्यता होते ८३ टक्के! म्हणजे अवघड गोष्ट अवघड उरतच नाही, आणि ज्याचं पात्र खरोखर चाणाक्ष आहे त्याला काही अर्थ राहत नाही. नियमांत यावर उपाय आहे. सगळ्यांनी मिळून करायच्या कामाला सगळ्यांनी टाकायचं आणि निम्म्यांना जमलं तर सगळ्यांना जमलं. शिवाय एकाने दुसऱ्याला मदत करायची सोयही आहे. पण मदत करण्यात आपला आकडा दिसत नाही ना...

लढाईची एक फेरी नियमाप्रमाणे सहा सेकंदांची. आमची एक फेरी एकदा चाळीस मिनिटं चालली होती. कारण आमचा मांत्रिक. बाकीच्यांच्या पाळ्या होईपर्यंत हा भडंग खाणार, आणि स्वतःची पाळी आली की पुस्तक उघडणार. "अं... फायरबॉल किती लांब जातो गं?" दीडशे फूट. मागच्या शनिवारीही दीडशेच होता :)

पण खरं सांगू का, हे सगळं मला चालतं. चिडचिड होते, घरी जाताना मी एकटीच रिक्षात पुटपुटते, पण चालतं. या सवयींनी खेळ रेंगाळतो. खेळ मोडतो तो एका वाक्याने, आणि ते वाक्य म्हणजे "मी काय करू, माझं पात्र असंच आहे."

या वाक्याला एक जुना आधारही आहे. खेळात पात्राच्या वृत्तीची एक चौकट असते. १९७४ मध्ये तीनच प्रकार होते, १९७८ च्या पुस्तकापर्यंत नऊ झाले. त्यातला 'केऑटिक न्यूट्रल' हा लाडका. ना धड चांगला, ना वाईट, मनाला येईल ते करणारा. पाचव्या आवृत्तीत (२०१४) या चौकटीला नियमांत फारसं वजन उरलेलं नाही. पण कागदावर ते दोन शब्द आहेत म्हटल्यावर माणसाला परवाना मिळाल्यासारखं होतं.

आमच्यात एक पुजारीण आहे. म्हणजे पात्र पुजारीण. बाई स्वभावाने कमी बोलणारी, चार तासांत चार वाक्यं. तिच्या पुजारणीचा भाऊ लहानपणी हरवलाय, एवढं एकच तिने सुरुवातीला लिहून दिलं होतं. आठ महिने मी तो धागा थोडा थोडा ओढत आणला. भाऊ सापडला. ती चक्क बोलायला लागली. चार नाही, चाळीस वाक्यं. टेबलावर बाकी सगळे शांत. मांत्रिकाने भडंगाची वाटी खाली ठेवली होती, यावरून काय ते समजा.

आणि फासा गडगडला. आमच्या चोराने न विचारता भावाचा खिसा कापायला घेतला होता. आकडा हुकला. भावाने हात धरला, तर याने सुरा काढला आणि दुसरा फासाही टाकून मोकळा! भाऊ शून्यावर, जमिनीवर.

"माझं पात्र असंच करेल. चोर आहे तो."

मी म्हटलं, हे मागे घेऊ या. तर पुजारीणच म्हणाली, "राहू दे गं, झालं ते झालं." तो आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो. मी तिथेच खेळ थांबवला. पुढचे दोन शनिवार तिच्याकडे पाहुणे होते.

आता तुम्ही म्हणाल, आधी ठरवून घ्यायचं नाही का? घेतलं होतं. पहिल्या खेळाआधी बसून काय चालेल, काय नाही, हे बोलून घेण्याला सेशन झीरो म्हणतात. २०२० च्या एका अधिकृत पुस्तकात त्यावर वेगळा भाग आहे. आमचं ठरलं होतं की एकमेकांची चोरी करायची नाही. यावर चोराचं म्हणणं, "भाऊ कुठे खेळाडू आहे? तो तर तुझं पात्र." वकील व्हायला हवा होता.

मी त्याला चहाला बोलावलं. बराच वेळ नियमच चालले होते, मग तो एकदम म्हणाला, "दिवसभर मी हो हो म्हणतो. बॉसला हो, क्लायंटला हो, घरी हो. इथे तरी मला विचारून करायला लावू नकोस." यावर पटकन काही सुचलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. बरेच लोक त्याचसाठी येतात. पण मग त्याला सांगितलं, टेबलावरचे बाकीचेही दिवसभर हो हो करूनच येतात. तिला आठ महिन्यांत पहिल्यांदा वाव मिळाला होता. आणि पात्र असं आहे म्हणजे काय? तो चोर कुठे राहतो? तुझ्याच वहीत ना? मग त्या रात्री चोरी न करायला त्याला एखादं कारण तूच दे. त्यालाही एखादी बहीण असेल. नाहीतर पोट बिघडलं असेल!

तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या ऐनवेळी काय वाट्टेल ते बोलतो, पण समोरच्याला उत्तर द्यायला जागा ठेवूनच बोलतो. जागा ठेवली नाही तर बतावणी होणार कशी? हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "लेक्चर पुरे." चहाचे पैसे मात्र त्याने दिले.

(दोघांनाही हे आधी वाचायला दिलंय. चोराचं म्हणणं, मी एवढा वाईट नाहीये. पुजारणीने फक्त एक शुद्धलेखनाची चूक काढली.)

येत्या शनिवारी ती येतेय. भाऊ अजून तसाच पडलाय. शून्यावर आलेला प्रत्येकजण लगेच मरतोच असं नाही, महत्त्वाच्या पात्रांना सूत्रधार सवलत देऊ शकतो, आणि ती मी दिलीय. पुढची पाळी चोराची, मग पुजारणीची. काल रात्री साडेअकराला चोराचा मेसेज आला, "माझ्याकडे बरं करणारं औषध शिल्लक आहे का गं?"

मी यादी पाहिली. एक बाटली आहे. तसं कळवलं.