वळण



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे पॅरिसला गेले होते, त्याबद्दल "आजी, लिही ना" असं नात कधीची मागे लागली आहे. आयफेल टॉवर वगैरे वर्णनं तुम्ही खूप वाचली असतील, ती मी करणार नाही. मी लिहिणार आहे ते घोड्यांबद्दल. आणि थोडं माझ्या हातातल्या लाकडी पट्टीबद्दल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. मी हौशी घोडेस्वार आहे. हसू नका! २०१० साली शाळेतून निवृत्त झाले. पुढच्या वर्षी आठ वर्षांच्या नातीला पुण्याबाहेरच्या एका रायडिंग स्कूलमध्ये घातलं आणि तिला ने-आण करायचं काम माझ्याकडे आलं. कुंपणापाशी खुर्ची टाकून मी स्वेटर विणत बसायची. शिकवायला घोडदळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. महिनाभर त्यांनी मला पाहिलं आणि एक दिवस म्हणाले, "मास्टरनीजी, इतना देखती हो तो बैठ भी जाओ." एकोणसाठाव्या वर्षी पंजाबी ड्रेस घालून मी घोडीवर बसले. खरं तर बसवली गेले. दोघांनी ढकललं तेव्हा कुठे रिकिबीतला पाय वर गेला.

घोडीचं नाव बिजली. रेसकोर्सवरून निवृत्त होऊन आलेली. माझ्यासारखीच पेन्शनर. पण नावाला जागायची हौस तिला अजिबात नव्हती.

उस्तादांचं वेड म्हणजे ड्रेसाज. मी हा शब्द पहिल्यांदा घरी उच्चारला तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं, "कसल्या ड्रेसचं प्रदर्शन आहे?" मूळ फ्रेंच शब्द, अर्थ शिकवणं, तयार करणं. मी मराठीची शिक्षिका, मला लगेच आपला शब्द सुचला: वळण लावणं. आखलेल्या मैदानात घोडा आणि स्वार ठरावीक हालचाली करून दाखवतात. ना अडथळ्यांवरून उडी, ना शर्यत. मैदान वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब, कडेनं इंग्रजी अक्षरं लावलेली. आमच्याकडे ती पत्र्याच्या डब्यांवर रंगवलेली होती. ए नंतर के, मग व्ही, मग ई... ही बाराखडी ज्यानं लावली त्याला माझ्या वर्गात नक्की उभं केलं असतं. मी चाल, दुडकी आणि थोडा कँटर एवढ्यावरच थांबले, पण ती अक्षरं मला अजून पाठ आहेत.

आता बिजलीचा तो प्रसंग सांगायलाच हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घोडा कँटर करतो तेव्हा एका बाजूचे पाय आघाडीवर पडतात. डावीकडे गोल फिरायचं तर डावी आघाडी, उजवीकडे तर उजवी. बिजली डावी आघाडी झटकन घ्यायची. उजवीकडे वळवलं की मात्र चुकीच्या पायावर निघायची. थांबवा, पुन्हा निघा, पुन्हा तेच. माझा पारा चढला. हातात बारीक छडी होती, ती मी तिच्या खांद्यावर ओढली. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिनं कान मागे टाकले आणि जागच्या जागी उभी राहिली. उस्ताद आले, काही न बोलता माझ्या हातातून छडी काढून घेतली आणि म्हणाले, "ज़िद नहीं कर रही है वो. उसका वो हाथ कच्चा है. आपका भी एक हाथ कच्चा होगा."

मग त्यांनी समजावलं. माणसासारखाच प्रत्येक घोडा जन्मतः डावा किंवा उजवा असतो. एका बाजूला सहज वाकतो, दुसरी बाजू ताठ असते. ड्रेसाजचं निम्मं शिक्षण म्हणजे ती ताठ बाजू हळूहळू मोकळी करणं. मोठमोठी वर्तुळं, आडव्या चाली, महिनोन्‌महिने. चांगली बाजू मोडायची नाही, कच्ची बाजू पक्की करायची. बिजलीला त्यासाठी पाच महिने लागले. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण त्याचं कारण बिजली नव्हती. ते पुढे येईलच.

तर, पॅरिस. ऑलिंपिकमधल्या घोड्यांच्या स्पर्धा व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत होत्या. नातीनं ३१ जुलैची तिकिटं काढून ठेवली होती, कारण त्या दिवशी अनुष अगरवाला उतरणार होता. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये भारताचा स्वार ही पहिलीच वेळ! मूळ कोलकात्याचा हा मुलगा सतराव्या वर्षी जर्मनीला जाऊन शिकला. २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडमध्ये सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष यांनी २०९.२०५ गुणांनी सांघिक सुवर्ण मिळवलं होतं. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी आलेलं ते सुवर्ण. शिवाय अनुषला वैयक्तिक ब्राँझ. त्या दिवशी मी पेढे वाटले होते, आणि घेणाऱ्यांपैकी एकालाही कळलं नव्हतं की कशाचे.

स्टेशनवरून मैदानापर्यंत चालणं खूप. राजवाडा मागे पडतो, लांबलचक कालवा सुरू होतो, तो संपता संपत नाही. उकाडा पुण्याच्या मे महिन्याची आठवण करून देणारा. माझे गुडघे बोलायला लागले. नात म्हणाली, "आजी, बसूया का?" मी म्हटलं, "घोडे बघितल्यावर बसू." तात्पुरत्या उभारलेल्या उंच स्टँडमध्ये शेवटी जागा सापडली तेव्हा समोर पांढऱ्या कुंपणातलं मैदान आणि दूरवर तो राजवाडा. चौदाव्या लुईनं अख्ख्या दरबाराला वळण लावायचा घाट इथंच घातला होता. त्यानं माणसांची ड्रेसाज केली म्हणायची.

पण स्टँडमध्ये चर्चा वेगळ्याच विषयाची होती. आठच दिवसांपूर्वी, २३ जुलैला, ब्रिटनच्या शार्लट दुजार्डिननं स्पर्धेतून माघार घेतली होती. लंडन आणि रिओ दोन्हीकडे वैयक्तिक सुवर्ण मिळवलेली बाई. शिकवणीच्या वेळी ती घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारते आहे असा एक जुना व्हिडिओ बाहेर आला. तिनं चूक मान्य केली. पुढे तिच्यावर वर्षभराची बंदी आणि दहा हजार स्विस फ्रँकचा दंड झाला. नात संतापून बोलत होती. "आजी, इतकी मोठी रायडर! तिला कळत नाही का?" मी गप्प होते. मनात आलं, माझ्या वर्गात कॅमेरा नव्हता.

घंटा वाजली आणि सगळं शांत झालं. हजारो माणसं बसलेली, पण पाठीमागचं एक तान्हं बाळ सोडलं तर आवाज नाही. घोडा आत येतो, मधोमध थांबतो, स्वार नमस्कार करतो आणि सुरुवात होते. ग्रां प्रीचा सगळा क्रम पाठ असावा लागतो, सहाएक मिनिटांचा. सात परीक्षक मैदानाच्या वेगवेगळ्या बाजूंना बसून प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण देतात. आम्ही शिक्षक मंडळी एक पेपर एकदाच तपासायचो, तोही कधी कधी डुलक्या घेत. इथं एकच पेपर सात जण एकाच वेळी तपासतात! पियाफ म्हणजे जवळजवळ जागच्या जागी केलेली दुडकी. पाचसहाशे किलोंचं जनावर जणू निखाऱ्यावर उभं आहे आणि तरी त्याला घाई नाही. पसाज त्याच चालीचं पुढे सरकणारं रूप, पण प्रत्येक पाऊल हवेत क्षणभर थबकतं. आणि स्वार? तो काहीच करत नाही असं दिसतं. हातात चाबूक नाही, मैदानात तो न्यायलाच बंदी. मी कुठे, ती माणसं कुठे, पण घोड्यावर बसलेल्या माणसाचं एक असतं, दुसऱ्याला स्वार झालेलं बघताना पोटऱ्या आपोआप आवळतात. नातीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "आजी, खुर्ची निघेल पुढे."

मग कर्णावरून कँटर, आणि प्रत्येक ढांगेला आघाडी बदल. डावी, उजवी, डावी, उजवी, सलग पंधरा वेळा. लहान मुली अंगणात उड्या मारत जातात ना, तसा घोडा दिसतो. बहुतेक लोकांना ही गंमत वाटते. मला मात्र एकेका बदलामागचे महिने दिसत होते. बिजलीचे पाच महिने गेले एका उजव्या आघाडीसाठी, आणि इथं डावी-उजवी हा भेदच उरलेला नाही. चांगल्या हाताला कुणी शिक्षा केलेली नाही. निदान तसं दिसत होतं. स्टँडमध्ये बसून घोड्याचं तोंड कळत नाही, आणि पागेत काय चालतं ते तर मुळीच नाही. घामानं निथळणारा घोडा शेपटी फिरवत होता की माश्या हाकलत होता, माझ्यासारख्या हौशी बाईनं काय सांगावं? पण झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडा बळजबरीनं शिकवू नये असं लिहून ठेवलं आहे, आणि अजूनही ते सांगावं लागतं आहे.

आता ती झोप न लागलेली रात्र. १९७९ साल, तालुक्याच्या गावची शाळा, पाचवीचा वर्ग. मी सत्तावीस वर्षांची, सुवाच्य अक्षराचं भूत डोक्यावर बसलेलं. वर्गात एक मुलगा डावखुरा होता. त्याचं नाव इथं लिहीत नाही. "डाव्या हातानं सरस्वती लिहितात का रे?" असं मी म्हणायची. त्यानं पेन डावीकडे घेतलं की पट्टीची कड त्याच्या बोटांच्या पेरांवर. मग मी नवीन युक्ती काढली, डावा हात मांडीखाली घेऊन बसायचं. पूर्ण तास. तो रडताना आवाज करत नसे, फक्त वहीवर थेंब पडून शाई फुटायची, आणि त्याबद्दल पुन्हा पट्टी. तीन महिन्यांत तो उजव्या हातानं लिहू लागला. हेडमास्तरांनी मला शाबासकी दिली. त्याचे वडील शाळेत येऊन हात जोडून गेले, "बाई, पोराला वळण लावलंत."

तो मुलगा पुढे कुठलाच पेपर वेळेत पुरा करू शकला नाही. उत्तरं येत असायची, हात पोचायचा नाही. मी ते पाहत होते आणि त्याला आळशी म्हणत होते.

माझ्या निवृत्तीच्या वर्षीच, १ एप्रिल २०१० पासून, शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि मुलांना मारणं कायद्यानं बंद झालं. निरोपसमारंभात कुणीतरी विनोद केला होता, "बाई अगदी वेळेवर सुटल्या." मीही हसले होते.

असो. अनुष आत आला. घोडा सर कॅरामेलो. नातीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्याचे आघाडी-बदल मोजायचे मी ठरवलं होतं, पण नवाच्या पुढे मोजणी सुटली, डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा नमस्कार केल्यावर आम्ही दोघी टाळ्या वाजवत सुटलो. ६६.४४४ टक्के. गटात नववा, पुढच्या फेरीत नाही. नात हिरमुसली. मी म्हटलं, "अगं, साठच्या वर म्हणजे आमच्या वेळी फर्स्ट क्लास!" पुढची फायनल आम्ही ४ ऑगस्टला घरी टीव्हीवर पाहिली. जर्मनीच्या येसिका फॉन ब्रेडो-वेर्नडलनं डालेरावर सुवर्ण घेतलं, इझाबेल वेर्थला रौप्य. वेर्थ पंचावन्न वर्षांची! बायका-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात आणि पन्नाशीनंतरही पदक मिळतं, असा खेळ मला तरी दुसरा ठाऊक नाही.

डिसेंबरमध्ये १९८४ च्या दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन होतं, चाळीस वर्षांचं. मला आग्रहानं बोलावलं होतं. तो मुलगा आला होता, आता केस पांढरे, वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्यानं माइक घेऊन सांगितलं, "बाईंच्या पट्टीनं आम्हांला घडवलं. आताच्या पोरांना तसं कुणी मिळत नाही." टाळ्या पडल्या. अशी भाषणं मी वीस-पंचवीस वेळा ऐकली असतील, दर वेळी पदर सावरून हसले आहे. या वेळी हसू आलं नाही.

जेवणाच्या पंगतीत तो वाढत होता. मी विचारलं, "काम कुठल्या हातानं करतोस?"

"डाव्या, बाई. वेल्डिंगची बंदूक उजव्या हातात जमतच नाही. सही तेवढी उजव्यानं."

मी म्हटलं, "मी चुकले रे तेव्हा."

"काय बोलताय बाई! आशीर्वाद तो," असं म्हणून त्यानं मसालेभाताचा डाव डाव्या हातातून उजव्यात घेतला. माझ्या पानाजवळ आला होता ना.

"असू दे," मी म्हटलं, "डाव्यानंच वाढ."

तो थांबला. क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग डाव पुन्हा डावीकडे घेतला आणि वाढला. भात जरासा पानाबाहेर सांडला, तर म्हणाला, "सॉरी बाई."