लाल बटणाला कुलूप नाही

त्या धपाट्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बारशाला आत्याच्या पाठीत पडतात ते धपाटे म्हणत नाही मी, ते पडायचेच असतात. आमच्या घाटंजीच्या घरात अडीच वर्षांच्या पोराला बसला, तो.

धाकट्या सुनेचं माहेर आदिलाबादचं. नात झाली, बाराव्या दिवशी बारसं ठरलं. बाकी मंडळी पांढरकवड्यावरून गाडी करून गेली. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना उठवायला-बसवायला दोघी लागतात, म्हणून मी आणि मोठी सून मागे राहिलो. मोबाइलवरचे चेहरे त्यांना ओळखू येत नाहीत म्हणून धाकट्यानं टॅब्लेट पाठवलेला होता. तो लोडाला टेकवून ठेवला आणि आम्ही चौघं, म्हणजे पणजी, आजी, सून आणि मोठीचा मुलगा, समोर बसलो.

नाव आधी कोणी फोडायचं नाही, मी बारशातच ऐकीन, असा सासूबाईंनीच हट्ट धरला होता. तिकडं फोन धरणाऱ्याचा हात हलायचा, त्यामुळे कधी पाळणा दिसे, कधी छताचा पंखा. शेवटी एकदाचा पाळणा नीट दिसला. माझी मुलगी, बाळाची आत्या, वाकली. तिच्यामागे बायका हात उगारून तयार. सासूबाईंनी मान पुढं काढली, कानातलं यंत्र सारखं केलं. ‘कुर्र’ ऐकू आलं. आणि पुढचा शब्द यायच्या आत नातवानं ‘बाळ, बाळ’ करत हात टाकला. तळहात पडला तो नेमका लाल बटणावर.

सुनेनं धपाटा घातला. पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, “कायले मारतं व त्याले? त्याले काय समजते?” मग माझ्याकडं वळून, “नाव काय ठेवलं व बाई?”

आम्ही फोनवर फोन लावले. त्या गलक्यात कोण उचलणार? तिकडं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं की पणजी कॉलवरून गेली आहे. तेवढ्यात कोणीतरी ग्रुपवर पाळण्याचा फोटो टाकला, खाली नाव. सुनेनं ते वाचून दाखवलं. सासूबाई “बरं” म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. या बाईनं आमच्या घरातली किती बारशी उभी राहून पार पाडली, घुगऱ्या वाटल्या, पाळणे म्हटले. तिला पणतीचं नाव मोबाइलवरून वाचून दाखवावं लागलं.

माझं म्हणणं इतकंच आहे की ते लाल बटण खाली, मधोमध, लहान मुलाचा हात पहिल्यांदा पोचतो तिथंच का असावं? आणि असलं तर त्याला कुलूप का नसावं? आमच्या काळी शटरचे टीव्ही होते. रविवारचं ‘रामायण’ संपलं की लाकडी शटर ओढायचं, कुलूप लावायचं, किल्ली पदराला. १९८७ साली जे सुताराला सुचलं ते यांना सुचू नये?

सुचलेलं आहे, पण ते सापडेल तर शपथ. आधी मोठा मुलगा टॅब्लेट दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. तिथं ‘चाइल्ड लॉक’ म्हणून पैसे घेतले आणि काय केलं, तर ॲप पिन करून दिलं. ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून फुकट आहे. तिनं मूल त्या ॲपच्या बाहेर जात नाही, पण आतली बटणं सगळी चालू राहतात. म्हणजे लाल बटणही चालू. पुढच्याच कॉलला पोरानं परत कट केला.

खरं काय ते शेजारच्या मुलीनं सांगितलं. ती नीटची तयारी करते, तिचाही अभ्यास टॅबवरच. ती म्हणाली, “काकू, आयपॅड असता तर ‘गायडेड ॲक्सेस’मध्ये स्पर्शच बंद करता आला असता, चित्र चालू ठेवून. ते २०१२ पासून आहे. बटण तीनदा दाबलं की उघडतं.” आमच्यासारख्या टॅबवर वेगळं ॲप टाकावं लागतं, ते सगळ्या पडद्यावर एक न दिसणारा थर पसरवतं आणि बोटं त्यावरच अडतात. पण अनोळखी ॲपला एवढी परवानगी द्यावी का, हे ज्याचं त्यानं ठरवावं, असंही ती म्हणाली. यूट्यूबनं २०२३ मध्ये स्वतःचं स्क्रीन लॉक आणलं. म्हणजे कार्टूनला कुलूप आहे, आणि आमच्या व्हिडिओ कॉलवर मला ते कुठं दिसलं नाही.

तिनं आणखी एक सांगितलं, त्याचं मला फार नवल वाटलं. पडद्याला दाब कळत नाही, बोटातून वाहणारी किंचित वीज कळते. म्हणून मुलांची ओलसर, मऊ बोटं लगेच लागतात आणि कापूस वेचून, निंदून राठ झालेली कोरडी बोटं लागत नाहीत. सासूबाई हिरव्या बटणावर इतकं बोट घासायच्या, आम्ही म्हणायचो त्यांना जमत नाही. त्यांचं बरोबरच होतं.

मग आम्ही कॉलपुरता टॅब्लेट जुन्या शोकेसच्या काचेमागे ठेवायला लागलो. काच आणि पडदा यांच्यात चार बोटं जागा सोडली की बाहेरून कितीही थापट्या मारा, काही होत नाही. आवाज दबतो, म्हणून एक छोटा स्पीकर बाहेर काढलाय.

इथपर्यंत ठीक होतं. पण सुनेला यूट्यूबचं लॉक समजलं आणि घोटाळा झाला. आधी कार्टून चालू असताना पोराचा हात लागायचा, भलतंच काही उघडायचं, तो कंटाळून अंगणात पळायचा. त्याचं बोटच त्याला उठवत होतं. आता काही केल्या बंद होत नाही, म्हणून तो तोंड उघडं टाकून बसतो आणि सून घास भरवते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा नको म्हणून सांगितलंय. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दोन वर्षांखालच्यांना तर मुळीच नको म्हटलंय. सूट आहे ती नातेवाइकांच्या अधूनमधूनच्या व्हिडिओ कॉलला. बघा, नेमकं ज्याला सूट आहे त्यालाच कुलूप नाही!

सुनेला मी म्हटलं, कुलूप कॉललाच, कार्टूनला नको. तिनं मान हलवली. कापूस वेचणीचे दिवस आहेत, तिलाही घरात दोन हात कमीच पडतात, हे मला कळतं. सासूबाई मात्र तिच्याच बाजूच्या. “पोट्टं जेवते ना? मग राहू दे,” म्हणतात.