सायकल ढकलत पुढच्या देशात

सीमेवर सायकलस्वाराचा पादचारी होतो. मोक बायला व्हिएतनामचा शिक्का घेतला आणि सायकल ढकलत बावेतला, कंबोडियात पोचलो. आमचा गाईड अलीकडेच राहिला. पलीकडे नवा गाईड, नवी व्हॅन. समोर कॅसिनोंची रांग! कंबोडियाच्या नागरिकांना तिथे जुगाराला बंदी, म्हणजे सगळा थाट पाहुण्यांसाठी.

मागे राहिलेल्या व्हिएतनामची आठवण म्हणजे तिथला उसाचा रस. तिथे चरकात कांडीबरोबर छोटी, हिरवी, आंबट फळं सालासकट घालतात. पेला बर्फाने गच्च. पहिल्या घोटाला साल किंचित कडू लागते, मग एकदम तरतरी येते. आपल्या आलं-लिंबाला तोड नाही असं मी म्हणत असे. आता इतक्या ठामपणे म्हणणार नाही. कंबोडियात मजा पैशांची: डॉलर द्यावा, सुटे स्थानिक रिएलमध्ये मिळतात. डॉलरला साधारण चार हजार, त्यामुळे एका नारळपाण्यात खिसा फुगतो.

रस्ता सपाट, म्हणून सोपा वाटतो. पण वारा समोरून आला की घाट परवडला. चढ म्हणावा तो एकच, नेआक लोएंगला मेकाँगवरचा पूल. तो २०१५ साली झाला. आधी फेरीबोट होती. तिथे मी फेरीची फार आठवण काढली.

पोयपेटहून थायलंडमध्ये शिरताना मात्र गंमत. कंबोडियात वाहनं उजवीकडून, थायलंडमध्ये आपल्यासारखी डावीकडून. गाईड "लेफ्ट, लेफ्ट" ओरडत होता, गटातले युरोपीय गोंधळले होते, आणि कायम शेपटाला असणारा मी चक्क सगळ्यांच्या पुढे. पलीकडच्या अरण्यप्रथेत गावापर्यंत तरी.