ओसरीवरील तसबीर

वडवणीच्या आमच्या जुन्या घरात ओसरीच्या भिंतीवर एकच तसबीर होती. ती माझ्या धाकट्या काकांची. काका पलटणीत शिपाई होते. भरती झाल्यावर बीडच्या एका छायाचित्रकाराकडे जाऊन त्यांनी ती काढवून घेतली होती. मागच्या पडद्यावर बंगला आणि कमळांचे तळे रंगविलेले! आमच्या कोरड्या मुलखात असले तळे कोणी पाहिले होते? पण आजी रोज सकाळी ती काच पदराने पुशी.

मी सहावीत असताना गुरुजींनी आम्हांस एक चित्रांचे पुस्तक दाखविले. त्यात सर जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराने रंगविलेले सेनाधिकारी होते. तांबडे कोट, काळवंडलेले आभाळ, तोफांचा धूर! त्यांतील लॉर्ड हीथफील्ड यांचे १७८७ सालचे चित्र मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. जिब्राल्टरला शत्रूने साडेतीन वर्षांहून अधिक काळ वेढा घातला, तरी या वृद्ध सेनापतीने ते ठाणे सोडले नाही. चित्रात त्यांच्या हाती तलवार नाही. भली मोठी किल्ली आहे, मुठीत घट्ट धरलेली.

गुरुजी म्हणाले, "आपल्याकडेही असा एक चित्रकार आला होता. जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा. १७९१ साली तो मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यास गेला. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांना त्याने रंगविले."

पानिपतावर ज्यांचा पाय कायमचा अधू झाला, ते महादजी! त्यांच्यामागून दौडणाऱ्या स्वारांना मात्र कोण रंगविणार?

घरी आलो आणि तसबिरीकडे पाहिले. काकांचे हात रिकामे होते. मला ते सहन होईना. दुपारी सारे शेतावर गेल्यावर मी चौकट उघडली आणि दौत-टाक घेऊन काकांच्या मुठीत किल्ली काढू लागलो. शाई पसरली. किल्ली तर उमटली नाहीच. हातच काळा झाला.

आजीने ते पाहिले. ती रागावली असती, तर बरे झाले असते. ती काहीच बोलली नाही.

दिवाळीत काका रजेवर आले. मी कोठीआड लपलो. त्यांनी मला ओढून बाहेर काढले आणि विचारले, "हे काय रे?"

"किल्ली," मी पुटपुटलो.

"कोणत्या गडाची?"

"आपल्या घराची."

काका मोठ्याने हसले. म्हणाले, "बरे केलेस. त्या दिवशी हात कोठे ठेवावेत, हेच मला कळत नव्हते."

आजी मात्र हसली नाही. तिने पदराने काच पुसली आणि तसबीर पुन्हा खुंटीला अडकविली.