वर्गणीतली भटकंती

सांगलीला समुद्र नाही आणि सह्याद्रीही दूर. कृष्णेचं पात्र, उसाचे फड, पूर्वेला कोरडे माळ. डोंगर हवा तर शिराळ्याच्या पुढं जायचं, नाहीतर साताऱ्याकडं वर सरकायचं. समुद्र हवा तर आंबा घाट उतरायचा किंवा कुंभार्ली. त्यामुळं शनिवार-रविवारचा कुठलाही बेत आधी गाडीभाड्यावर येऊन थांबायचा. खिशात पैसे थोडे, म्हणून त्या बेतात इतरांचा वाटा मोठा असे: वाहकाचा, पुजाऱ्याचा, धनगराचा, कुणाच्या तरी आईचा. त्यातलं जे गेलं आणि जे जाऊ लागलंय, त्याची ही नोंद.

भाड्याची सायकल. दोन-चार गल्ल्या ओलांडल्या की एक दुकान. वहीत नाव, वेळ आणि सायकलचा नंबर. ओळख असली की अनामत नाही. रविवारी पहाटे नेऊन संध्याकाळी आणून द्यायची म्हटलं तर दुकानदार तासांचा हिशेब सोडून एकच रक्कम सांगायचा, आणि वर रबराचा तुकडा, पॉलिश पेपर, सोल्युशनची ट्यूब बांधून द्यायचा. सांगली-मिरजेच्या कितीतरी पोरांनी पहिला डोंगर या सायकलींवर पाहिला, तो दंडोबाचा. मिरज सोडली की पंढरपूर रस्ता, तानंग, कळंबी, भोसे. चढ लागला की सायकल हातात धरून चालायचं. वर कातळात कोरलेलं देवाचं ठाणं, आत भर दुपारीही गारवा. पुढं मोटारसायकली हप्त्यावर मिळायला लागल्या. ही दुकानं आधी नुसती पंक्चरची झाली आणि मग मिटली.

भोशाचा वड. यल्लम्माच्या देवळाशेजारचा. चारशे वर्षांचा आहे असं गावात सांगत. दंडोबाला जाताना इथं पाणी प्यायचं, येताना इथं आडवं व्हायचं. २०२० मध्ये रत्नागिरी–नागपूर महामार्ग रुंद करताना तो तोडला जाणार होता. गावकरी आणि सांगलीतली झाडं राखणारी माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राकडं शब्द टाकला, आखणी बदलली, वड वाचला. दोन वर्षांनी तो आपला आपण कोसळला. त्याच रस्त्यावरच्या बाकीच्या वडा-चिंचांसाठी एवढंही झालं नाही. आता भर उन्हात सायकल थांबवायची कुठं, हा प्रश्न पडतो.

मुक्कामी गाडी. गेलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात मोठी वाटते. तालुक्याच्या स्टँडवरून शेवटची एसटी डोंगराच्या पायथ्याच्या गावी जायची, रात्री तिथंच राहायची आणि पहाटे दूध, भाजी, शाळेची पोरं घेऊन परतायची. शनिवारी कामधंदा उरकून कराड, पाटण नाहीतर शिराळा गाठलं की रात्रीपर्यंत गडाखाली पोचता येई. रविवारचा सबंध दिवस हाताशी राही. यासाठी जादा एक पैसा लागत नसे.

पण गाडीपेक्षा वाहकाचा उपयोग मोठा. चालक-वाहक देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे. गावानं त्यांना वर्षानुवर्षं पाहिलेलं. वाहक उतरता उतरता कुणाला तरी सांगायचा, "ही सांगलीची पोरं हायत, सकाळी गडावर जाणारायत." एवढ्यावर देवळाचं दार उघडायचं, घोंगडं यायचं, कुठल्या तरी घरातून कालवण यायचं. त्या एका वाक्यावर आम्ही किती गावांत झोपलो! पहाटे गाडीच्या आवाजानं जाग यायची आणि तोंड धुऊन चालायला लागायचं.

वडापच्या जिपांनी या गाड्यांचे प्रवासी आधीच कमी केले होते. मग घरोघरी मोटारसायकल आली. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात ज्या फेऱ्या थांबल्या, त्यातल्या बऱ्याच पुन्हा सुरूच झाल्या नाहीत. वडाप रात्री मुक्कामाला जात नाही. आता पायथ्याला रात्री पोचायचं तर स्वतःची गाडी लागते. ती नसेल तर कुठल्या तरी गटाकडं माणशी पैसे भरून त्यांच्या बसमध्ये बसायचं.

तिकिटामागं लिहिलेले सुटे पैसे. वाहकाच्या पेटीतली रंगीत कागदी तिकिटं, चिमट्याची टिकटिक. सुटे नसले की तिकिटाच्या पाठीवर आकडा. उतरताना ते मागायची आठवण ठेवणं हे गटातल्या एकाचं ठरलेलं काम.

दशमी. ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळून केलेली भाकरी. दोन दिवस मऊ राहते, म्हणून ती प्रवासाची. सोबत शेंगदाण्याची चटणी, खर्डा, भडंग, तासगावकडचा मित्र असला तर मूठभर बेदाणे. शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी आई किंवा आजी सगळ्यांच्या वाट्याच्या दशम्या थापायची. पाचजण जाणार असले तर सातजणांच्या, कारण वाटेत कुणी भेटतं. आता बिस्किटं, वेफर्स, दोन मिनिटांच्या शेवया. त्यांचे रिकामे पुडे गडावरच्या टाक्यात तरंगताना दिसतात. दशमीचं फडकं धुऊन परत द्यावं लागे, त्यामुळं ते मागं राहत नसे.

रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याची पिन. रॉकेल रेशनवरून गेलं तसा स्टोव्हही गेला.

वासोटा–नागेश्वर–चोरवणे. ही वस्तू नव्हे, वाट आहे. पण नोंद तिच्याशिवाय पुरी होत नाही. साताऱ्याहून एसटीनं बामणोली. तिथून कोयनेच्या शिवसागर जलाशयातून लाँचनं मेट इंदवली. लाँचचं भाडं माणशी कमी पडावं म्हणून दुसऱ्या एखाद्या गटाची वाट पाहत घाटावर तासभर बसायचं. मग दाट झाडीतून वासोटा, म्हणजे व्याघ्रगड. माथ्यावरून समोर जुन्या वासोट्याचा तुटलेला कडा आणि खाली सगळं कोकण. तिथून कड्याच्या अंगानं नागेश्वरची गुहा. महाशिवरात्रीला कोकणातली माणसं खालून इथं चढून येतात, त्यामुळं वाट मळलेली. त्याच वाटेनं उतरलं की खेड तालुक्यातलं चोरवणे. पाय थरथरत असायचे. चोरवण्यातून एसटीनं खाली, तिथून चिपळूण, आणि रात्र पडायच्या आत गुहागर. सुरूच्या बनाखाली पाठ टेकायची आणि सकाळी समुद्रात. परत येताना कुंभार्ली, कोयनानगर, पाटण, कराड, सांगली. जोडून एखादी सुट्टी आली की एका फेरीत गड, गुहा, घाटवाट आणि समुद्र. घाटमाथा अन् कोकण हे दोन वेगळे मुलूख नाहीत, हे पायांना कळायचं ते या फेरीत.

कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्यं १९८५ ची. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आता वासोट्याला सकाळी परवाना काढून जायचं आणि दिवस मावळायच्या आत पाण्यापलीकडं परतायचं. जंगलात मुक्काम नाही. हे योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं. शेकोट्या, गाणी, मध्यरात्रीच्या आरोळ्या यांचा त्या जंगलाला त्रास होता, आणि त्या करणारे आमच्याच पिढीतले होते. तरी ती सलग फेरी संपली, हेही लिहून ठेवायला हवं.

धनगरवाडा. चांदोलीच्या रानात नकाशा फारसा कामाचा नसे. घाणेकरांची गडांवरची पुस्तकं वाचून गडाचा अंदाज यायचा, पण वाट माणसालाच विचारावी लागे, आणि तो माणूस म्हणजे गवळी धनगर. प्रचितगडला पाथरपुंजकडून जाताना कुठं झरा आहे, कुठल्या सोंडेवर धुकं आधी उतरतं, अस्वल कुठं दिसलं, हे तो न विचारता सांगायचा. अंगणात बसवून आधी ताक द्यायचा. पैसे पुढं केले तर घ्यायचा नाही. फार आग्रह झाला तर पोराच्या हातावर पेन ठेवायला सांगायचा. म्हणून आमच्या पिशवीत पेनं असायची.

गोठणे, रुंदिव, झोळंबी. आधी वारणेचं धरण, मग अभयारण्य, मग २००४ चं राष्ट्रीय उद्यान. ही गावं उठत गेली. माणसं सांगली-कोल्हापूरच्या सखल भागात नेऊन वसवली. काहींचे जमिनीचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत, आंदोलनं सुरूच असतात. आमची वाट बंद झाली याला काही किंमत नाही. ज्या माणसानं ती वाट दाखवली त्याची गुरं, रान आणि ताक सुटलं, आणि त्याच्या बदल्यात जे कबूल केलं होतं ते वेळेवर मिळालं नाही. जंगल मोकळं व्हावं असं म्हणणाऱ्या आम्हा शहरातल्या भटक्यांनी हा हिशेब मांडताना ते ताक विसरू नये.

मिरजेचे तीन रूळ. मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या लागत. कोल्हापूर-पुण्याकडं ब्रॉडगेज, पंढरपूर-कुर्डुवाडीकडं नॅरोगेज आणि बेळगाव, लोंढ्यावरून गोव्याला मीटरगेज. गोव्याचा समुद्र गाठायचा सगळ्यात स्वस्त रस्ता हाच. साध्या डब्यात दाराशी बसून कॅसलरॉकनंतरचा घाट पाहायचा, दूधसागरचे तुषार तोंडावर घ्यायचे. १९९० च्या दशकात ती मीटरगेज रुंद झाली, पुढं नॅरोगेजही. गाडी अजून जाते, धबधबाही दिसतो. रुळांवरून चालत दूधसागर गाठायचा प्रकार मात्र बंद झाला आणि व्हायलाच हवा होता; २०२३ च्या पावसाळ्यात तिथं जमलेल्या शेकडो पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या.

पडवी. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले. एसटीतून उतरून वाडीत शिरायचं आणि पहिल्या माणसाला विचारायचं, रात्रीपुरती जागा मिळेल का? "पडवीत पडा," असं उत्तर यायचं. विहिरीवर अंघोळ, सकाळी पेज. माशाचं जेवण सांगून ठेवलं तर त्याचे पैसे घेत, झोपायचे घेत नसत. आता त्याच घरांवर पाट्या आहेत, खोल्या आहेत, नोंदणी फोनवर होते. त्या घराला पैसा मिळतो, पोरं मुंबईला न जाता गावात राहतात. हे चांगलंच झालं. पण महिनाभर दहा-वीस रुपये साठवून समुद्र बघायला येणाऱ्या जत-आटपाडीच्या पोराला त्या खोलीचं भाडं परवडत नाही, आणि पडवीला आता ग्रिल आहे.

सागरेश्वरचा उघडा डोंगर. हा गेला याचा आनंद आहे. देवराष्ट्र्याजवळचे हे डोंगर पूर्वी बोडके होते. धों. म. मोहिते यांनी माणसं जमवून, झाडं लावून, राखून ते हिरवे केले. १९८५ मध्ये तिथं अभयारण्य झालं. आता सांबर, चितळ दिसतात. ज्यांनी तो डोंगर बोडका पाहिलाय, ती माणसं आता थोडी उरलीत. त्यांना बरोबर नेऊन पोरांना दाखवायला हवं, की बघा, इथं काही नव्हतं.

वर्गणीची वही. निघताना सगळ्यांनी सारखे पैसे एकाच्या हवाली करायचे. तो खजिनदार. चहा, तिकीट, लाँच, केळी, देवापुढचा रुपया, सगळं वहीत. सोमवारी कट्ट्यावर हिशेब वाचून उरलेले पैसे वाटायचे, नाहीतर पुढच्या खेपेला ठेवायचे. या पद्धतीत कुणाकडं कमी आहेत हे फक्त खजिनदाराला माहीत असे. तो त्याचं नाव सगळ्यांबरोबरच लिहायचा आणि रक्कम आपल्या खिशातून भरायचा. फोनवरच्या हिशेबात कुणाकडून किती येणं आहे ते सगळ्यांना दिसतं. मला वाटतं, काही पोरं त्यामुळंच येत नाहीत.

"सहाला, स्टँडवर, बुकस्टॉलपाशी." एवढाच निरोप. जो आला नाही, त्याची दुसरी गाडी लागेपर्यंत वाट पाहायची.

सज्जनगडचा प्रसाद. हा मात्र अजून आहे. परळीच्या या गडावर समर्थांच्या समाधीपाशी आलेल्याला आजही जेवण मिळतं, मुक्कामाची सोय होते, आणि कुणी कुठून आलास, किती देणार, असं विचारत नाही. खिशात फक्त परतीचं भाडं असलेल्या मुलाला साताऱ्याच्या बाजूचं हे एक ठिकाण सांगून ठेवावं.

आवडेल तेथे प्रवास. एसटीचा हा पासही आहे. १९८८ पासून सुरू असलेली योजना. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास आगारात काढता येतो. चार दिवसांच्या पासात सांगलीहून कराड, पाटण, कुंभार्लीनं चिपळूण, गुहागर, तिथून रत्नागिरी, गणपतीपुळे आणि आंबा घाटानं वर कोल्हापूर, सांगली, एवढं बसतं. वासोटा करायचा असेल तर आधी साताऱ्याला जाऊन बामणोलीची सकाळची गाडी गाठावी आणि लाँचसाठी जोडीला कुणी मिळतंय का ते घाटावर विचारावं.